उघापीतल्या कुर्ल्या

आमच्या घरी पाऊस ताटात दिसायचा. मे महिन्यात आई चाळीच्या पत्र्यावर बांगडे आणि बोंबील वाळत घालायची आणि मला कावळे हाकलायला काठी देऊन बसवायची. जून लागला, होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, की ते सुके मासे पत्र्याच्या डब्यांतून बाहेर निघायचे. मग रोज कुळथाची पिठी, भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. पाऊस नीट लागला की आरे कॉलनीच्या उतारांवरचा टाकळा आणि फोडशी ताटात यायची. चार दिवस झोडपून पाऊस थांबला की खाडीतली शेंगटी यायची, कारण गढूळ पाण्यात ती गळाला पटकन लागते. नारळी पौर्णिमा उलटली की समुद्राचे ताजे मासे यायचे आणि आई डब्यांची झाकणं घट्ट लावून टाकायची. मला कुणी डोळे बांधून जेवायला बसवलं असतं तरी पावसाळा कुठवर आलाय हे मी सांगितलं असतं. आता माझा भाचा मोबाइलमध्ये बघून मला पाऊस सांगतो. सांगू दे बापडा.

आमची चाळ साकीनाक्याला, कारखान्यांच्या गाळ्यांना पाठ लावून उभी होती. दिवसभर लेथची किरकिर आणि प्रेस मशीनची धाडधाड भिंतीतून घरात यायची, आणि आम्हाला तिची इतकी सवय झालेली की वीज जाऊन सगळं गप्प झालं की आई स्वयंपाक करता करता दचकायची. बाबा त्यातल्याच एका गाळ्यात टर्नर होते. सहा दिवस ते लोखंड कापायचे आणि सातव्या दिवशी मासे पकडायचे. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, खाडीच्या टोकाला असलेल्या गावचे. बाबांना मुलगा नव्हता आणि त्याची खंतही नव्हती. मी सात-आठ वर्षांची असल्यापासून ते मला गळ, दोरी आणि काडवांचा डबा देऊन बरोबर न्यायचे. काडू म्हणजे गांडूळ. शाळेतल्या मैत्रिणी नाक मुरडायच्या, पण मी जे शिकत होते ते त्यांच्या बापजन्मात त्यांना कळणार नव्हतं, हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं.

शिकत होते ते हे, की मासा पाण्यात राहत असला तरी त्याला हलवतो तो पाऊस. आमची खाडी मानखुर्दची. मिठागरांच्या बांधावर उभं राहून बाबा समजावायचे, की पाऊस भरपूर झाला की खाडीचं पाणी गोडं होत जातं. ते गोडं पाणी चिंबोरीला मानवत नाही, म्हणून ती खाली, समुद्राच्या बाजूला सरकते. पावसाने ओढ दिली की खारं पाणी पुन्हा आत शिरतं आणि त्याच्याबरोबर चिंबोरीही थेट बांधाच्या पायथ्याशी येते. डोंगरातल्या ओहोळाची गोष्ट मात्र बरोबर उलटी. तिथला खेकडा गोड्या पाण्याचा. पाऊस असेल तर तो दगडादगडांखाली बागडत असतो, आणि पाऊस थांबला की गडप. मालवणीत या दोघांनाही आम्ही कुर्लीच म्हणतो, एक खाडीची आणि एक व्हाळाची, म्हणजे ओहोळाची. पावसाने मध्येच घेतलेल्या विश्रांतीला म्हणायचं उघाप. हे तीन शब्द कळले की पुढची सगळी गोष्ट कळली.

आई या सगळ्यात कधी नसायची. मासे साफ करावेत ते तिनेच. कुर्लीचे डेंगे, म्हणजे नांग्या, ती वरवंट्याच्या एका ठोक्यात असे फोडायची की आतलं मांस अख्खं राहायचं. पण मासे धरायला ती कधी आली नाही आणि आम्हीही कधी ये म्हटलं नाही. तिचं माहेर घाटाच्या पायथ्याशी, रानात. लग्न होऊन आली तेव्हा बाबांची थोरली वहिनी, म्हणजे माझी थोरली काकी, सगळ्यांसमोर तिचे हात उलटेसुलटे करून म्हणाली होती की पोर चांगली आहे, पण हाताला व्हाळाचा चिखल आहे, तो जायला वेळ लागेल. आईने तो जाऊ दिला. मी मोठी होईपर्यंत तिच्या हाताला पीठ, हळद आणि सांडगे सोडून काही लागलेलं मला आठवत नाही. मी मात्र अकरावीत गेल्यावर तिने तोंडाचा पट्टा सुरू केला, की आता पुरे झालं, लोक बघतात, गुडघ्याएवढ्या चिखलात उभी राहणारी मुलगी कोण पसंत करणार. मी ऐकून घ्यायची आणि रविवारी पुन्हा जायची.

आमच्या घराण्याची गवर तिखटाची. म्हणजे गौर जेवते त्या दिवशी तिच्या पानावर वड्यांबरोबर कुर्ल्यांचं सांबारं लागतं. गणपती शेजारीच बसलेला असतो, त्याला हे दिसू नये म्हणून मध्ये धोतराचा पडदा धरतात. वासाचं काय करायचं ते गणपतीने बघावं. कुर्ली जिवंत आणलेली हवी, पानावर निदान एक तरी अख्खी हवी आणि ती व्हाळाची हवी, खाडीची चालत नाही. गावाकडे त्या आणून द्यायचा मान मागच्या वाडीतल्या एका घराकडे होता. आमच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या फक्त खायचं काम केलं. मुंबईत गौर लालबागला थोरल्या काकीकडे बसायची. तिच्याकडे गावाहून एसटीने येणारा एक माणूस दर वर्षी करंडीतून कुर्ल्या आणून द्यायचा, आणि काकी ते पान असं मांडायची की बघणाऱ्याने हात जोडावेत ते गौरीला की पानाला, हे कळू नये.

त्या वर्षी काकीचे गुडघे गेले. जमिनीवर बसवेना, चार जिने चढवेनात. आषाढात ती टॅक्सी करून आमच्याकडे आली, खाटेवर बसली आणि आईला म्हणाली की या वर्षी गौर-गणपती तुझ्याकडे बसू देत. आईचे डोळे भरून आले. घरात गौर यावी हे तिला लग्नापासून हवं होतं, पण धाकटी जाऊ मागणार कुणाकडे? काकीने मात्र चहाची बशी खाली ठेवता ठेवता पुढचं वाक्यही बोलून घेतलं. "एक वर्ष करून बघ गो. पान नीट झाला तर ठेव तुझ्याकडे. नाय तर पुढल्या वर्सा मी सुनेच्या हाती देतंय." आई फक्त हो म्हणाली. ती गेल्यावर आईने घरातली सगळी पितळेची भांडी काढून चिंचेने घासली, जी घासायला अजून दोन महिने होते.

आणि मग पावसाने ओढ दिली. श्रावण असा कोरडा मी नंतर फारसा पाहिला नाही. ऊन तर असं की चाळीच्या पत्र्यावर पुन्हा बोंबील वाळवता आले असते. रेडिओवर रोज हलक्या ते मध्यम सरी पडायच्या, बाहेर काही नाही. गावीही तेच होतं. एसटीवाल्या माणसाचा निरोप आला की व्हाळ आटलाय, कुर्लीचं नाव नाही, माझ्यावर अवलंबून राहू नका. आरेतल्या पाड्यांवरच्या बायका पावसात पानांत बांधलेले खेकडे घेऊन मरोळ नाक्याला बसायच्या, त्याही त्या दिवसांत फक्त भाजी घेऊन बसलेल्या. आई रोज सकाळी दारात येऊन वर बघायची. मग आत जाऊन काहीतरी जोरात आपटायची.

गौरीच्या आधीच्या रविवारी बाबा एकटेच आरेत गेले. तबेल्यांच्या मागे एक ओहोळ आहे, भर पावसात आम्ही तिथून पिशवी भरून खेकडे आणलेले. दुपारी ते परत आले ते घामाने निथळत, आणि पिशवीत सुपारीएवढी दोन पिल्लं. ओहोळात घोट्याएवढंही पाणी नाही, एकूण एक दगड उलटला, असं त्यांनी सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "खंय बघितलात?" बाबा म्हणाले, दगडांखाली, आणखी कुठे बघणार? आईच्या ओठांवर काहीतरी येऊन गेलं. "उघापीत कुर्ली दगडाखाली गावता काय," एवढं ती सुपातल्या तांदळांना म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. बाबांनी ऐकलं नाही. मी ऐकलं, पण मला वाटलं ती वैतागून बोलते आहे.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला न जमणारी गोष्ट जगात आहे असं मला वाटत नव्हतं. मी म्हटलं, व्हाळ आटलाय ना, मग खाडी खारी झालेली असणार; खाडी खारी म्हणजे चिंबोऱ्या वर आलेल्या असणार. चला मानखुर्दला. आईने कपाळाला हात लावला. "खाडयेची कुर्ली गवरीक?" मी म्हटलं, रिकाम्या पानापेक्षा बरी ना? गौर घरी येते त्या दिवशी पहाटे मी आणि बाबा बस बदलत मानखुर्दला गेलो. बाबांनी गाळ्यातल्या सळ्या वाकवून कड्या केल्या होत्या आणि त्यांना जाळी बांधून उथळ झोळ्या. मध्ये माशाचं डोकं बांधायचं, दोरीने पाण्यात सोडायचं आणि चिंबोरी खायला बसली की उचलायचं. गौरीच्या सुमाराला अष्टमी असल्याने भांग असतो. भरती अर्धीच चढते आणि ओहोटी अर्धीच उतरते. अशा पाण्यात एरवी काही मिळत नाही. पण मी म्हटलं होतं तसंच झालं. बांधाच्या अगदी पायथ्याशी, तिवरांच्या मुळांपाशी, हिरव्या-काळ्या पाठीच्या थोराड चिंबोऱ्या येऊन बसल्या होत्या. बाबांनी एकेकीचे डेंगे सुतळीने बांधले, गोणपाट खाऱ्या पाण्यात भिजवला आणि त्यांना त्यात गुंडाळलं. परतीच्या बसमध्ये मी ते गोणपाट मांडीवर घेऊन अशी बसले होते की कंडक्टरने विचारलं, काय सोनं आहे का? मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आईने गोणपाट उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. कुर्ल्या खरंच नजर लागण्यासारख्या होत्या. बाबा तसेच दुसऱ्या पाळीला कामावर गेले. मी अंघोळ करून, परकर-पोलकं घालून, चाळीतल्या मुलींबरोबर विहिरीवर गेले, कारण गौर पाणवठ्यावरून आणायची असते आणि ती कुमारिकांनीच आणायची असते. तेरड्याची जुडी उराशी धरून आम्ही गात गात परत आलो, आईने माझे पाय धुतले, कुंकवाची पावलं काढली आणि गौर घरात आली. आई इतकी खुशीत होती की तिने दोनदा माझी दृष्ट काढली. मोरीत घंगाळावर पाट आणि पाटावर वरवंटा ठेवलेला मी पाहिला, पण वरवंटा नेहमीच कशावर तरी असायचा.

सकाळी आईच्या हाकेने जाग आली. ती मोरीत उभी होती. घंगाळात नळाचं पाणी काठोकाठ, तळाला मूठभर तांदूळ, आणि आमच्या चिंबोऱ्या त्यात उताण्या, पाय ढिले सोडलेल्या. एकही हलत नव्हती. तिच्या माहेरी व्हाळाच्या कुर्ल्या आणल्या की अशाच पाण्यात ठेवायचे, वर तांदूळ टाकायचे, रात्रभर खाऊन त्या स्वच्छ होतात आणि गोड लागतात. तिने लहानपणापासून तेच केलेलं. खाडीची चिंबोरी ओल्या गोणपाटात दोन दिवस जगते, पण साचलेल्या गोड्या पाण्यात बुडवली की गुदमरून मरते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. खाडीवरून आणलेलं आमच्याकडे त्याच दिवशी शिजायचं. "पाण्याशिवाय जित्यो कश्यो रवतल्यो, असा वाटला माका," ती म्हणाली. मेलेली कुर्ली माणसालाही वाढत नाहीत, गौरीची गोष्टच सोडा. बारा वाजता पान वाढायचं होतं आणि काकी दहा-साडेदहाला येणार होती. बाबा म्हणाले, यंदा वडे-काळ्या वाटाण्यावर भागवू, वहिनीला मी समजावतो. मी रडकुंडीला आले होते, ते चिंबोऱ्यांसाठी. आई रडली नाही. तिने साडीचा कासोटा मारला. आईला कासोटा घातलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. "ऊठ," ती मला म्हणाली. "पायात काय ता घाल नि चल."

आम्ही आरेची बस पकडली. तबेल्यांच्या मागे उतरल्यावर तिने मला वाट विचारली आणि त्यानंतर मला तिच्या मागे धावावं लागलं. ओहोळात बाबांनी उलटलेले दगड तसेच पडले होते. आईने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पाण्यापासून दूर, काठाच्या उभ्या मातीशी गेली आणि वाकून वाकून, हाताने गवत बाजूला करत चालायला लागली. एका जागी थांबली. तिथे जमिनीलगत एक भोक होतं आणि त्याच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्यांची छोटी रास. सगळीकडची माती कोरडी, ही तेवढी ओली. तिने मला खाली बसवून दाखवलं, की उघाप पडली की कुर्ली पाण्याच्या मागे जमिनीत जाते, रोज खाली खणत जाते आणि खणलेली माती बाहेर आणून टाकते. रास ओली असेल तर ती आत आहे, सुकी असेल तर घर रिकामं. आणि भोक कसं आहे ते आधी बघायचं. गोल असलं तर उठून चालू लागायचं, ते सापाचं किंवा उंदराचं. कुर्ली आडवी चालते म्हणून तिचं दारही आडवं, चपटं. आई हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज वेगळा होता, सवंगड्यांत बोलावं तसा. माहेरच्या वाडीत भर उघापीत कुर्ल्या काढायला तिलाच बोलवत, हे तिने तिथे, त्या काठावर बसून मला सांगितलं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि बाबांनाही हे माहीत नव्हतं. काकीच्या त्या एका वाक्यावर तिने हे सगळं गिळून टाकलं होतं. मला तेव्हा काकीचा इतका राग आला की विचारू नका.

तिने पदर खोचला, जमिनीवर आडवी झाली, हात भोकाशी नेला आणि थांबली. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, दोन दिवसांपूर्वीच कासारणीने येऊन घट्ट भरलेल्या, कितीही ओढल्या तरी पंजावरून उतरणार नाहीत अशा. त्या चपट्या भोकातून बांगड्यांसकट हात जाईना. तिने थुंकी लावून एक ओढून पाहिली, हात पिळवटून निघाला पण बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. दगड उचलून त्या फोडल्या असत्या तर काम झालं असतं. पण गौर घरात बसलेली असताना सवाशिणीने स्वतःच्या हाताने बांगडी वाढवायची, हे तिच्याने होणार नव्हतं, आणि मीही ते करू दिलं नसतं. ती उठून बसली. वर्षानुवर्षं गाडलेली एक गोष्ट बाहेर काढायची आणि नेमक्या दारात अडायचं, तिला किती लागलं असेल ते मला आता कळतं. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. गळाची दोरी अडकते म्हणून मी बांगड्या घालत नसे, त्यावरून तिने माझा किती उद्धार केला होता.

"तू घाल हात," ती म्हणाली.

मी घाबरले होते. खाडीत मी छातीभर पाण्यात उतरले होते, शेंगटीचा काटा पंजात मोडून घेतला होता, पण तिथे समोरचं दिसत होतं. इथे काळोख्या भोकात हात घालायचा आणि आत काय आहे ते बोटांनी ओळखायचं. आईने माझा दंड धरला. हाताला थंड चिकट माती लागली, कोपर आत गेलं, मग दंड, शेवटी माझा गाल जमिनीला टेकला तरी तळ येईना. ती माझ्या कानाशी हळू बोलत होती. "सरळ पुढे नेव नको. वरसून घाल, छताक लागान. तिचे डेंगे खाली असतत. पाठ लागली की दाबून धर, मगे वड." बोटांना काहीतरी गुळगुळीत, कडक लागलं आणि ते हललं. मी हात मागे घेतला, आणि तेवढ्या घाईत तिने माझी करंगळी धरली. मी किंचाळले. दंडावरची आईची पकड तसूभर सैल झाली नाही. "घाबरलंस? वडू नको. हात मेल्यासारखो ठेव. ती सोडतली." मी डोळे मिटून पडून राहिले. कुर्लीने सोडलं. मी पुन्हा छताला लागून बोटं नेली, पाठ दाबली आणि ओढली. बाहेर आली तेव्हा तळव्याएवढी, विटकरी पाठीची, तोंडाला फेस आणलेली कुर्ली होती. आई हसली, खळखळून, दात दाखवून, आणि तिने ती माझ्या हातातून अशी अलगद घेतली, जणू कालपरवापर्यंत ती हेच करत होती. करंगळीच्या मुळाशी तो वण अजून आहे. पाऊस यायचा असला की ठणकतो असं मी भाचरांना सांगते. खरं तर ठणकत नाही.

पुढच्या भोकापासून मला काही सांगावं लागलं नाही. आई रास शोधत पुढे जायची, बोट दाखवायची आणि मी आडवी व्हायचे. पानाला पुरून घरच्यांना होतील एवढ्या कुर्ल्या झाल्या तेव्हा तिनेच थांबवलं. पोटाशी अंडी असलेल्या दोन तिने पुन्हा भोकात सोडून दिल्या आणि तोंडावर माती सारली.

घरी पोचलो तर काकी खाटेवर बसलेली. मोरी बाबांनी धुऊन ठेवली होती, पण वास पुरता गेला नव्हता, आणि त्यांच्या तोंडावरून कळत होतं की वहिनीला समजावून झालेलं नाही. काकीने आधी आईचा कासोटा पाहिला, मग माझा खांद्यापर्यंत चिखलाने माखलेला हात, मग पिशवीतली खडखड ऐकली. ती काही बोलायच्या आत आई वाकून तिच्या पाया पडली आणि स्वयंपाकघरात गेली. पुढे दीड तास फक्त वरवंट्याचा आवाज आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास. पडदा धरायला बाबा आणि मी. बारा वाजता गौरीच्या पानावर भात, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि लाल सांबाऱ्यात बसलेली एक अख्खी कुर्ली, आठही पाय आणि दोन्ही डेंगे शाबूत.

जेवताना काकीने पहिला डेंगा फोडला, चोखला आणि मग विचारलं, "कुर्ल्यो खंयसून हाडलंस गो? व्हाळ तर सगळे सुकले."

बाबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आई वाढता वाढता थांबली. तिने मान खाली घातली नाही, आवाजही बारीक केला नाही.

"व्हाळातल्योच वयनीनु. बिळां मी दाखवलंय, माझ्या चेडवान हात घालून काढल्यान. आमचे हात आधीपासूनच चिखलाचे."

काकीला आपलं ते चिखलाचं वाक्य आठवलं की नाही हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ती माझ्या करंगळीवरच्या हळदीच्या चिंधीकडे बघत राहिली. मग तिने ताट पुढे केलं. "दुसरो डेंगो वाढ," ती म्हणाली. "आणि ह्या चेडवाक आधी वाढ. गवर रवांदे आता हंयच." चेडू म्हणजे मुलगी आणि रवांदे म्हणजे राहू दे. तेवढं बोलून ती पुन्हा कुर्ली चोखायला लागली, आणि आई पदराने डोळे पुसत आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

गौर तेव्हापासून आमच्याकडेच आहे. आईनंतर ती माझ्याकडे आली. खाडीवर जाण्यावरून आई मला पुन्हा कधी बोलली नाही, आणि माझं लग्न चांगलं झालं हेही सांगून टाकते, नवऱ्याला मासे फार आवडायचे. आता कुर्ल्या मी बाजारातून आणते, कारण तो ओहोळ अर्धा रस्त्याखाली गेला आणि उरलेल्यात हात घालावासा वाटत नाही. पण पाऊस थांबला की माझं लक्ष अजूनही जमिनीकडे जातं, कुठे ओली माती दिसते का ते.

पुढच्या वर्षी पाऊस छान झाला. काकीच्या माणसानेही करंडीभर कुर्ल्या आणून देतो म्हणून निरोप पाठवला होता. आईने नको म्हणून कळवलं. गौरी यायच्या दोन दिवस आधी नेहमीची कासारीण हिरव्या बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून दारात आली, चाळीतल्या सगळ्या बायका हात पुढे करून बसल्या. आई चूल सोडून बाहेर आली, तिने हातातल्या जुन्या बांगड्या तेल लावून आधीच उतरवून ठेवल्या होत्या.

"माका उद्या सांजची भर," ती कासारणीला म्हणाली. "सकाळी माका नि माझ्या चेडवाक काम आसा."